उपग्रह निवृत्त झाला. उद्देशही निवृत्त झाला काय?

यंत्राला जसे आयुष्य असते, तसे यंत्रामागील विचारालाही असते. यंत्र झिजले म्हणजे ते बाजूला सारून नवे आणावे लागते. त्यात खेद करण्याजोगे काही नाही. परंतु यंत्राबरोबर, ते ज्या कामासाठी आणले होते ते कामही जर नकळत मोडीत निघाले असेल, तर त्याची विचारपूस करणे समाजाचे कर्तव्य ठरते. भारतातील खेड्यांकडे दूरचित्रवाणी नेण्यासाठी अवकाशात गेलेल्या उपग्रहांच्या बाबतीत असेच घडले आहे. ‘इन्सॅट-१ बी’ हा त्या मालिकेतील पहिला यशस्वी उपग्रह १९९३ मध्ये निवृत्त झाला. यवतमाळसारख्या जिल्ह्याने त्याचे स्मरण करावयाचे ते केवळ कृतज्ञतेपोटी नव्हे. त्याच्याकडून अपेक्षिलेले काम या जिल्ह्यात अजून पुरे व्हावयाचे आहे, म्हणून ते स्मरण आवश्यक आहे.

वरचे बळ, खालची काटकसर

उपग्रहाच्या तांत्रिक तपशिलाकडे सामान्य वाचक सहसा वळत नाही. तो विषय अभियंत्यांचा, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः या तपशिलातच एक सामाजिक निर्णय दडलेला असतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर अंतरावर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी जुळती गती राखतो आणि म्हणून जमिनीवरून पाहता तो एकाच ठिकाणी स्थिर भासतो. त्याच्याकडे एकदा रोखलेला अँटेना पुन्हा हलवावा लागत नाही. मात्र इतक्या लांबून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. तो टिपण्यासाठी दोन मार्ग आहेत. उपग्रह दुबळा ठेवावा आणि जमिनीवर प्रचंड, महागडे अँटेने उभारावेत, हा एक. उपग्रहालाच अधिक बळ द्यावे, म्हणजे खेड्यातील संच लहान व स्वस्त होईल, हा दुसरा. पहिल्या मार्गाने मोठी शहरे व मोठ्या संस्था यांची सोय होते, दुसऱ्याने गावाची. खर्चाचा भार कोणी उचलायचा, सरकारने आकाशात की गावकऱ्याने अंगणात, हा त्या निवडीचा खरा अर्थ होय.

डॉ. विक्रम साराभाई यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. त्यांच्या पुढाकाराने १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचे अणुऊर्जा खाते व अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. अमेरिकेने ३० मे १९७४ रोजी सोडलेला ‘एटीएस-६’ हा उपग्रह त्यानुसार एक वर्षासाठी भारताच्या सेवेला मिळाला. साराभाई ते पाहावयास हयात नव्हते; ३० डिसेंबर १९७१ रोजीच त्यांचे निधन झाले होते. या उपग्रहावर छत्रीसारखा उघडणारा, सुमारे नऊ मीटर व्यासाचा अँटेना होता. त्यातून दूरचित्रवाणीचा संदेश पाठविणाऱ्या प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी ८० वॅट, म्हणजे घरातील एका दिव्याएवढी. परंतु ती चहूकडे उधळली न जाता त्या मोठ्या अँटेन्याने भारतभूमीवर एकवटली जात असे. परिणामी गावात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची थाळी पुरेशी ठरली. अवकाशविज्ञानाचा तो कळस आणि ही खुराड्याची जाळी यांचा संयोग म्हणजे ‘साइट’ हा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत रोज चार तास कार्यक्रम दिसले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी, शेती, आरोग्य व कुटुंबकल्याणाचे. या कार्यक्रमाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस या कोल्हापुरात जन्मलेल्या शास्त्रज्ञाकडे होती, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक ही ती राज्ये. भाषा होत्या हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड. विदर्भाच्या पूर्वेस रायपूर व दुर्ग, दक्षिणेस तेलंगणातील मेदक व महबूबनगर, मराठवाड्याच्या शेजारी गुलबर्गा व विजापूर, अशा जिल्ह्यांतील निवडक खेडी उपग्रहाशी जोडली गेली. मधल्या मराठी प्रदेशावरूनही तोच संदेश जात होता. परंतु तो टिपणारी थाळी येथे नव्हती आणि टिपला असता तरी त्यात मराठी नव्हती. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरचित्रवाणी होती खरी, पण ती मुंबईची आणि तिच्यापाठोपाठ पुण्याची. राज्याला दूरचित्रवाणी मिळाली होती. राज्याच्या खेड्यांना नव्हे.

इन्सॅट-१ बी आणि बदललेली वाट

‘साइट’ संपली आणि तो उपग्रह परत गेला. १९७९ मध्ये त्याची सेवाही संपली. आता स्वतःच्या मालकीचा उपग्रह हवा होता. १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेला ‘इन्सॅट-१ ए’ दुर्दैवी ठरला. त्याचे काही भाग नीट उघडले नाहीत, इंधन संपले, आणि सप्टेंबर १९८२ मध्येच त्याच्यावर पाणी सोडावे लागले. त्यानंतर ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून ‘इन्सॅट-१ बी’ गेला. त्याचेही सौरपंख आरंभी पूर्णपणे उघडेनात. काही दिवसांच्या खटपटीनंतर ते उघडले आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये ७४ अंश पूर्व रेखांशावर हा उपग्रह कामाला लागला.

त्याची रचना विलक्षण होती. दूरध्वनी, दूरचित्रवाणी व हवामान ही तीन कामे तोपर्यंत इतर देशांत निरनिराळ्या उपग्रहांकडून करून घेतली जात. येथे ती एकाच उपग्रहावर लादली होती. ढगांची छायाचित्रे घेणारे उपकरण थंड राहावे म्हणून सौरपंख एकाच बाजूला ठेवले होते. आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रह कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक शीड लावले होते. सी-पट्ट्यातील १२ ट्रान्सपाँडर मुख्यतः दळणवळणासाठी होते. त्यांखेरीज एस-पट्ट्यातील दोन अधिक शक्तीचे ट्रान्सपाँडर खास दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेले होते. सुमारे १२ फुटी जाळीच्या थाळीवर कोणत्याही गावाला थेट कार्यक्रम पाहता यावा, हा त्यांचा उद्देश. या वेळच्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता आणि मुलांसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रमही याच उपग्रहावरून सुरू झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाची वार्ता, मुलाला धडा आणि गावाला दूरध्वनी, हे सारे एकाच यंत्राकडून मिळावे, असा तो संकल्प होता.

मग वाट कोठे बदलली? १९८४ च्या उत्तरार्धात देशात जवळजवळ रोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. गावोगाव थेट संच बसविण्याऐवजी उपग्रहाचा संदेश शहरातील एका प्रक्षेपकाने टिपायचा आणि आसपास फेकायचा, ही पद्धत रूढ झाली. ती वेगवान होती, दर संचामागे स्वस्त होती आणि लोकप्रियही झाली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकांचे युग आणले. या पद्धतीचा नफा नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची मर्यादा हिशेबाने पाहावी. १०० वॅटच्या प्रक्षेपकाचा उपयुक्त पल्ला सुमारे १५ किलोमीटर धरला, तर त्याच्या कक्षेत जेमतेम ७०० चौरस किलोमीटर प्रदेश येतो. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे सपाट जमीन गृहीत धरूनही एका प्रक्षेपकाने जिल्ह्याचा विसावा हिस्साच कसाबसा व्यापला जाणार. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, उमरखेड या भागांतील डोंगर व जंगल लक्षात घेतले तर तेवढाही नाही. उपग्रहाला मलबार हिल आणि झरी-जामणीतील कोलाम पोड यांत भेद करता येत नव्हता. दोन्हींवर त्याचा प्रकाश सारखाच पडत होता. भेद केला तो जमिनीवरच्या व्यवस्थेने. तांत्रिक सोय म्हणून स्वीकारलेल्या या वाटेने दूरचित्रवाणी पुन्हा शहराभोवती घुटमळू लागली. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच दशकाच्या मध्यावर या प्रवृत्तीविषयी सरकारला सावध केले होते. तो इशारा अहवालातच राहिला.

अपेक्षित आयुष्य सात वर्षांचे असताना ‘इन्सॅट-१ बी’ने त्याहून अधिक काळ सेवा दिली. त्याने आपले काम चोख केले. त्याच्याकडून करून घ्यावयाचे काम मात्र आपण अर्ध्यावर सोडले.

तीच चूक, पुन्हा ७४ अंशांवर

हा जुना इतिहास उगाळण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हे की इतिहासाने स्वतःची पुनरावृत्ती केली आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याला जागा मिळाली तीही ७४ अंश पूर्व रेखांशावरच. त्याच्याआधी झालेल्या पूर्वप्रयोगात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होते. निरनिराळ्या प्रदेशांकडे रोखलेले स्वतंत्र झोत हे या उपग्रहाचे वैशिष्ट्य. एका झोतात एका भाषेचे कार्यक्रम देता यावेत आणि विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारता यावा, अशी सोय त्यात होती. ‘साइट’मध्ये एका चित्रासोबत दोनच ध्वनी पाठविता येत, त्यामुळे भाषांची ओढाताण होई, ती अडचण आता दूर झाली होती. तरीही २०१० मध्ये हा उपग्रह निवृत्त झाला तेव्हा त्याच्या क्षमतेचा पुरता वापर झालेला नव्हता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये या योजनेच्या अंमलबजावणीवर ताशेरे ओढले. उपग्रह वेळेवर गेला. जमिनीवरील जाळे, कार्यक्रम व माणसे मात्र वेळेवर सिद्ध झाली नाहीत.

आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्याहून कटू प्रकार पुढे घडला. इन्सॅटच्या निमित्ताने जन्मलेली, हजारो मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केलेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद करण्यात आली. कारण दिले गेले निधीच्या अभावाचे आणि बदललेल्या तंत्रज्ञानाचे. अवघ्या तीन वर्षांत, २०२० मध्ये, करोनाच्या साथीने राज्यातील शाळांना कुलूप लागले. ज्यांच्या घरी चांगला मोबाइल नाही, गावात जाळे नाही, अशा मुलांना शिकवायचे कसे हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. तेव्हा पुन्हा आठवण झाली ती दूरचित्रवाणीचीच. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली आणि पहिली ते आठवीच्या मुलांना तिचा आधार मिळाला. मालिका करणाऱ्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे. परंतु जे काम करण्यासाठी शासनाची स्वतःची संस्था ३३ वर्षे उभी होती, ती बंद केल्यावर तेच काम दुसऱ्यांनी घाईघाईने उभे करावे, यास नियोजन म्हणता येत नाही.

मोबाइलने प्रश्न सुटला काय?

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. उपग्रहाचे कौतुक कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर पाहता बिनतोड आहे. परंतु मोबाइलवरील चित्र पाहणाऱ्याला महिन्याला पैसे मोजावे लागतात, गावात मनोऱ्याचा संपर्क असावा लागतो आणि फोन बहुधा घरातील एकाच्याच, म्हणजे पुरुषाच्या, खिशात असतो. उपग्रहाचे अर्थशास्त्र निराळे. एका घराने पाहिले काय किंवा एक कोटी घरांनी पाहिले काय, वरून पाठविण्याचा खर्च तोच. आज ‘जीसॅट-१५’ या उपग्रहावरून दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा चालते. तिला मासिक वर्गणी नाही. अधिक शक्ती आणि उच्चतर वारंवारता यांमुळे १२ फुटी जाळीचे काम आता दोन-तीन फुटी थाळी करते. साराभाईंचा थेट ग्रहणाचा मार्ग तंत्रदृष्ट्या पूर्ण विजयी झाला आहे. दूरदर्शननेही २०२१ व २०२२ मध्ये आपले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद करून हे एका परीने मान्यच केले. ज्या प्रक्षेपकांसाठी थेट ग्रहण सोडले, तेच प्रक्षेपक अखेर भंगारात निघाले!

मग उणीव कशाची? उणीव त्या थाळीतून उतरणाऱ्या मजकुराची. फ्री डिशवर शंभरावर वाहिन्या आहेत. खाजगी वाहिन्यांना तेथील जागा लिलावाने विकली जाते. पण २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते आठवावे. कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यामागे कारणे अनेक होती. विषारी मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, विक्रेत्यांचा बेजबाबदारपणा, यंत्रणेची ढिलाई. केवळ एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ते सारे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, कपाशी डोक्याएवढी वाढली असता कोणती काळजी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यास काय करावे, या गोष्टी लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुराला चित्राखेरीज दुसऱ्या कशाने समजणार? बाटलीवरील मुंगीएवढ्या अक्षरांनी? ‘साइट’च्या कर्त्यांनी १९७५ मध्ये सायंकाळचे अडीच तास राखून ठेवले होते ते नेमक्या याच माणसासाठी.

काय करावे

केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा केली. वाहिन्या वाढविणे सोपे असते. त्या भरणे कठीण. म्हणून मागणी आकड्यांची नको, कामाची हवी.

पहिली मागणी वेळेची. कपाशी व सोयाबीनच्या हंगामात, जून ते डिसेंबर, रोज सायंकाळी ठरलेल्या एका तासात, नागपूरच्या दूरदर्शन केंद्राने विदर्भाच्या कोरडवाहू शेतीचा कार्यक्रम द्यावा. आणि तो शेतमालकापुरता नव्हे, फवारणी व वेचणी करणाऱ्या मजूर स्त्री-पुरुषांसाठीही असावा. त्याची भाषा वऱ्हाडी कानाला आपली वाटणारी हवी आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी तो गोंडी व कोलामी भाषांतही हवा. एका चित्राबरोबर अनेक ध्वनी पाठविणे आज तंत्रज्ञांना मुळीच अवघड नाही. फ्री डिशच्या लिलावातून येणाऱ्या रकमेचा एक ठराविक हिस्सा अशा कार्यक्रमांवर खर्च करण्याचे बंधन प्रसारभारतीने स्वतःवर घालून घ्यावे.

दुसरी मागणी बालचित्रवाणीच्या ठेव्याची. तीन दशकांत तयार झालेले मराठी कार्यक्रम ही जनतेच्या पैशातून उभी राहिलेली संपत्ती होय. त्यांची छाननी करावी, टिकाऊ असेल ते नव्या रूपात जतन करावे आणि सह्याद्रीसह शैक्षणिक वाहिन्यांवर खुले करावे.

तिसरी मागणी देखभालीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. आश्रमशाळांत व ग्रामपंचायतींत संच देणे हा समारंभ असतो. तो संच तिसऱ्या वर्षी चालू ठेवणे हे शासन असते. ‘साइट’च्या यशाचे मर्म उपग्रहाइतकेच त्या खेडोपाडी फिरून बिघडलेले संच दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांत होते. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यागणिक एक दुरुस्ती करणारा आणि जिल्ह्यास एक जबाबदार अधिकारी नेमला, तर त्याचा खर्च एखाद्या उद्घाटन सोहळ्याहून फार अधिक होणार नाही.

भूस्थिर उपग्रहाचे इंधन संपत आले म्हणजे उरलेल्या थेंबांनिशी त्याला आणखी वरच्या कक्षेत लोटतात, जेणेकरून पाठोपाठ येणाऱ्यास जागा मोकळी मिळावी. ही शिस्त अवकाशात पाळली जाते. जमिनीवर मात्र आपण जागा मोकळी करतो ती उद्देशाची. यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात व संसदेत पुढील अधिवेशनात एवढाच प्रश्न विचारावा: आमच्या डोक्यावरून अहोरात्र वाहणाऱ्या त्या शंभर वाहिन्यांपैकी कपाशी वेचणाऱ्या बाईसाठी आणि पोडावरच्या मुलासाठी दिवसाची किती मिनिटे राखलेली आहेत? उत्तर शून्याच्या जवळ आले, तर दोष उपग्रहाचा नाही, हे तरी निर्विवाद ठरेल.